बायोप्सीच्या रिपोर्टला इतके दिवस का लागतात?

गेल्या महिन्यात आमच्या लॅबच्या काउंटरवर एक गृहस्थ आले. पत्नीच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, त्याला पाच दिवस झाले होते. ते चिडलेले नव्हते, पण तीन-चार रात्री झोप झाली नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाले, "मॅडम, शुगरचा रिपोर्ट तुम्ही तासाभरात देता. थायरॉइडचा संध्याकाळी देता. मग यालाच एवढे दिवस का? काही वाईट निघालंय आणि सांगत नाही आहात का?"

मी त्यांना आत बोलावलं, बसवलं आणि समजावून सांगितलं. ते गेल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न बायोप्सी दिलेल्या जवळपास प्रत्येक घरात विचारला जातो, फक्त आमच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आज नेहमीप्रमाणे एखाद्या आजारावर न लिहिता, मी हे काम कसं शिकले ते तुम्हाला सांगते. त्यात माझी एक चूकही येईल. ती सांगितल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होत नाही.

"म्हणजे तू पेशंट बघणार नाहीस?"

एमबीबीएस झाल्यावर मी एमडीसाठी पॅथॉलॉजी घेतली, तेव्हा घरात थोडी शांतताच पसरली. गावाकडे पॅथॉलॉजी म्हणजे रक्त-लघवी तपासायची लॅब. आजीने सरळ विचारलं, "म्हणजे तू पेशंट बघणार नाहीस? मग एवढी डॉक्टर कशाला झालीस गं?" माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

रक्ततपासणी हा आमच्या विषयाचा एक भाग आहे. दुसरा भाग म्हणजे पेशी आणि पेशीसमूह, म्हणजेच ऊती, सूक्ष्मदर्शकाखाली बघून आजार ओळखणं. सुईने गाठीतलं पाणी किंवा पेशी काढतात, गर्भाशयाच्या मुखाची पॅप तपासणी करतात, ते सायटोलॉजी. तुकडा किंवा ऑपरेशनमध्ये काढलेला अख्खा अवयव तपासतात, ते हिस्टोपॅथॉलॉजी. आजार पेशीत सुरू होतो आणि तिथेच तो शोधला पाहिजे, हा विचार बर्लिनच्या रुडॉल्फ विरशॉ यांनी 1858 साली पुस्तकरूपाने पद्धतशीर मांडला. आज तुमच्या हातात येणारा बायोप्सीचा रिपोर्ट त्याच विचाराचा वंशज आहे.

आपल्याकडे एमडी पॅथॉलॉजीला तीन वर्षं लागतात. रक्ताचे आजार, रक्तपेढी, शवविच्छेदन, सायटोलॉजी, हिस्टोपॅथॉलॉजी अशा आळीपाळीने पोस्टिंग असतात. शिवाय प्रबंध लिहायचा आणि शेवटी परीक्षा. तिथे ओळीने मांडलेल्या स्लाइड बघून निदान लिहायचं. माझी ही तीन वर्षं एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गेली.

पहिलं वर्ष: बघण्याआधी कापायला शिका

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी मायक्रोस्कोप मिळेल. मिळाला तो ॲप्रन, हातमोजे आणि डोळ्यांतून पाणी काढणारा फॉर्मालिनचा वास. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचं मुख्य काम 'ग्रॉसिंग'. ऑपरेशन थिएटरमधून आलेला तुकडा किंवा अवयव नुसत्या डोळ्यांनी बघायचा, मोजायचा, कापायचा आणि त्यातला नेमका कोणता भाग पुढे पाठवायचा ते ठरवायचं. खोलीतले मामा पंचवीस वर्षं तिथे होते. डबा उघडताच ते म्हणायचे, "मॅडम, आधी फॉर्मवरचं नाव आणि डब्यावरचं नाव जुळतंय का बघा. बाकी सगळं नंतर." कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी मी हा धडा शिकले.

इथून पुढे त्या तुकड्याचा जो प्रवास होतो, त्यातच तुमचे दिवस जातात. तो असा.

शरीराबाहेर काढलेला तुकडा लगेच कुजायला लागतो. ते थांबवण्यासाठी तो फॉर्मालिनमध्ये बुडवतात. औषध आतपर्यंत मुरायला वेळ लागतो. लहान तुकड्याला काही तास पुरतात, पण स्तन किंवा गर्भाशयासारखा मोठा अवयव असेल तर चिरा देऊन एक-दोन दिवस ठेवावा लागतो. हाड असेल तर त्यातलं कॅल्शियम काढून ते मऊ करावं लागतं, त्याला आणखी काही दिवस. मग रात्रभर यंत्रात त्यातलं पाणी काढून त्या जागी वितळलेलं मेण भरतात आणि मेणाची छोटी वडी करतात. तिला आम्ही 'ब्लॉक' म्हणतो.

सकाळी टेक्निशियन त्या वडीचे मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर काप काढतात. एक काप साधारण तीन ते चार मायक्रॉन जाडीचा, म्हणजे तुमच्या केसाच्या जाडीचा अंदाजे विसावा भाग. तो कोमट पाण्यावर तरंगवून, एकही सुरकुती पडू न देता काचेवर घेतात. मी हे शिकत असताना सुरुवातीच्या कित्येक कापांचा चुरा झाला. टेक्निशियन काका हसून म्हणाले होते, "पापड लाटायला तरी येतात का मॅडम?"

मग रंग. हिमॅटॉक्सिलिन हा निळा-जांभळा रंग मूळचा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या खोडातून येतो, तो पेशीच्या केंद्रकाला धरतो. दुसरा, इओसिन, बाकीच्या भागाला गुलाबी करतो. आता कुठे स्लाइड तयार झाली. सगळं सुरळीत झालं तरी इथवर दोन-तीन दिवस गेलेले असतात, आणि अजून तिच्याकडे डॉक्टरांनी पाहिलेलंही नसतं.

शुगरचा रिपोर्ट यंत्र देतं. हा रिपोर्ट माणसाला बघून, विचार करून लिहावा लागतो.

डोळा तयार होणं म्हणजे काय

पहिले सहा महिने मला सगळ्या स्लाइड सारख्याच दिसायच्या. गुलाबी मैदान आणि त्यावर जांभळे ठिपके. आमच्याकडे अनेकांना एकाच वेळी बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. सर मधे बसायचे, आम्ही भोवती. ते पंधरा सेकंदांत पुढच्या स्लाइडवर जायचे आणि मी अजून वरची बाजू कोणती हेच शोधत असायचे.

हळूहळू समजलं की आधी निरोगी ऊती पाठ असाव्या लागतात. आतड्याच्या ग्रंथी कशा ओळीने उभ्या असतात, त्वचेचे थर कसे वर-वर पक्व होत जातात, हे डोळ्यांत बसलं की बिघडलेलं आपोआप खुपतं. भाजी निवडताना किडलेलं पान तुमच्या हाताला लगेच कळतं, तसंच. त्यासाठी हजारो स्लाइड बघाव्या लागतात. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर माझं निदान सरांशी जुळायला लागलं. मग माझा आत्मविश्वास वाढला, आणि तिथेच मी चुकले.

सतरा वर्षांचा मुलगा आणि माझी चूक

एक तुकडा आला. सोबतच्या फॉर्मवर इतकंच होतं: मुलगा, वय सतरा, गुडघ्याखालच्या हाडात दुखरी सूज, 'ट्यूमर?'.

हाड मऊ करून स्लाइड तयार व्हायला आठवडा लागला. मी ती लावली आणि छातीत धस्स झालं. खूप पेशी, भराभर विभागणाऱ्या, त्यांच्यामधे कूर्चा आणि नवीन तयार होणारं कच्चं हाड. वय सतरा, जागा गुडघ्याजवळची. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर याच वयात आणि याच जागी सर्वांत जास्त दिसतो. पुस्तकातलं पान समोर उघडावं तसं मला ते वाटलं. मी कच्च्या रिपोर्टमध्ये 'ऑस्टिओसार्कोमा' लिहिलं आणि खरं सांगते, अवघड केस ओळखली म्हणून मला मनातून थोडा आनंदही झाला.

सरांनी स्लाइड बघितली. बराच वेळ बघितली. मग विचारलं, "एक्स-रे कुठे आहे?"

"आला नाही सर."

"हिस्टरी?"

"फॉर्मवर नाही सर."

त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला. "मग हे निदान कशावरून केलंस? वॉर्डात जा. मुलाशी बोल. एक्स-रे घेऊन ये."

पॅथॉलॉजीचे रेसिडेंट सहसा वॉर्डात जात नाहीत. मी ऑर्थोच्या वॉर्डात गेले तेव्हा तो मुलगा कॉटवर पाय लांब करून बसला होता, शेजारी त्याची आई. मी विचारलं, "कधी पडलास, मार लागला होता का?" दोघांनीही नाही म्हणून मान हलवली. मी परत निघणार, तेवढ्यात आई म्हणाली, "पडला-बिडला न्हाई बाई. पण पळतोय लई. पोलिस भरतीसाठी. दोन म्हैनं झालं, पहाटं चारला उठून डांबरीवर पळतोय."

एक्स-रे गादीखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. सरकारी दवाखान्यात बऱ्याचदा असतो तसा.

त्या दुपारी सर, ऑर्थोचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसले. एक्स-रेमध्ये हाडावर आडवी, अगदी पुसट रेष होती. सवय नसताना रोज मैलोन्‌मैल पळाल्याने हाडाला सूक्ष्म तडा गेला होता. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. आणि मी कॅन्सर समजून बघत होते ते, तडा सांधण्यासाठी शरीर घाईघाईने बनवत असलेलं नवीन हाड होतं.

सरांनी तीच स्लाइड पुन्हा लावली. "आता बघ. या पेशी कशा बसल्या आहेत?" नवीन हाडाच्या प्रत्येक काडीच्या कडेने पेशी ओळीत बसलेल्या होत्या. एका टोकाला कच्चं, पुढे थोडं पक्व, त्यापुढे आणखी पक्व, असा क्रम होता. कॅन्सरमध्ये असा क्रम राहत नाही, पेशी वेड्यावाकड्या आकाराच्या होतात आणि जुन्या हाडाला पोखरत आत शिरतात. हे सगळं सकाळीही त्याच काचेवर होतं. मला दिसलं नाही, कारण मी निदान आधी ठरवलं आणि मग बघितलं.

ब्लॉकमधून आणखी खोलवरचे काप घेतले. त्यातही तोच क्रम दिसला. रिपोर्ट 'भरून येणाऱ्या फ्रॅक्चरशी सुसंगत' असा गेला. सोबत काही आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढण्याची सूचना होती. त्याप्रमाणे काढलेल्या एक्स-रेमध्ये हाड नीट जुळत होतं. मुलाने मला एकच विचारलं, "मॅडम, भरतीला पळता येईल ना?"

माझा तो कच्चा रिपोर्ट सरांच्या सहीशिवाय बाहेर गेलाच नसता, हे खरं. पण दीड वर्षाने सही माझी असणार होती. ऑस्टिओसार्कोमाचं निदान झालं की आधी केमोथेरपी आणि मग मोठं ऑपरेशन, कधीकधी पायही काढावा लागतो. एका धडधाकट मुलाच्या बाबतीत हे सगळं एका शब्दावर अवलंबून होतं, आणि तो शब्द मी आनंदाने लिहिला होता. त्या रात्री होस्टेलवर मला झोप लागली नाही. आजीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं. पेशंट मी बघतच असते. तो समोर नसतो, म्हणून जास्त जपून बघावं लागतं.

तुकडा सगळं सांगत नाही

चूक फक्त शिकाऊ डॉक्टरांची होते असंही नाही. 1887 साली जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. घशातून काढलेले तुकडे खुद्द विरशॉ यांच्याकडे तपासायला गेले. त्यांना त्यात कॅन्सर दिसला नाही. पुढच्या वर्षी फ्रेडरिक सम्राट झाले आणि अवघ्या 99 दिवसांत घशाच्या कॅन्सरने गेले. तुकडे आजाराच्या नेमक्या जागेचे नव्हते, असं अनेक जाणकार मानतात.

म्हणूनच रिपोर्ट त्या तुकड्यापुरता बोलतो. रिपोर्टमध्ये 'सजेस्टिव्ह ऑफ', 'क्लिनिकली कोरिलेट करा' असे शब्द दिसले की पुष्कळ लोक म्हणतात, डॉक्टर हात झटकतायत. तसं नसतं. काचेवर जितकं दिसलं तितकंच लिहिलंय, पुढचं तुमच्या तक्रारी आणि स्कॅनशी ताडून ठरवा, असा त्याचा अर्थ.

आता पाच-सात दिवस का लागतात ते पुन्हा बघा. दोन-तीन दिवस तुकडा तयार होण्यात जातात. काही वेळा ब्लॉकमधून पुन्हा काप काढावे लागतात. क्षयाची शंका असेल तर जंतू दाखवणारा वेगळा रंग लावतात. कॅन्सर असेल तर तो कोणत्या प्रकारचा आहे, स्तनाचा असेल तर हार्मोनच्या औषधाला दाद देईल का, हे बघायला आयएचसी नावाच्या विशेष चाचण्या कराव्या लागतात, त्यांना आणखी काही दिवस. कधी मी स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवते. उशीर झाला म्हणजे कॅन्सर निघाला, असा अर्थ काढू नका. साध्या सुजेच्या रिपोर्टलाही कधीकधी दहा दिवस लागतात.

तुम्ही काय करू शकता?

- फॉर्म कोरा जाऊ देऊ नका. त्रास कधीपासून आहे, मार लागला होता का, आधी ऑपरेशन, क्षय किंवा कॅन्सर झाला होता का, कोणती औषधं चालू आहेत, हे डॉक्टरांना लिहायला सांगा. तुम्हाला क्षुल्लक वाटणारी गोष्टही सांगा. 'पळतोय लई' हे त्या आईलाही क्षुल्लकच वाटलं होतं.
- हाडाची बायोप्सी असेल तर एक्स-रे आणि एमआरआय सोबत द्याच. बाकी आजारांतही सोनोग्राफी, स्कॅन आणि जुने रिपोर्ट यांच्या प्रती द्या.
- तुकड्याची बाटली तुमच्या हाती दिली असेल तर नाव झाकणावर नाही, बाटलीवर लिहिलेलं आहे ना ते बघा. आतलं औषध ओतून देऊ नका. एका नातेवाइकांनी एसटीत वास येतो म्हणून फॉर्मालिन फेकून साधं पाणी भरलं होतं. तुकडा खराब झाला आणि बिचाऱ्या पेशंटला पुन्हा बायोप्सी करावी लागली.
- पुन्हा तुकडा मागितला तर घाबरू नका. बहुतेकदा पहिला तुकडा फार लहान असतो किंवा नेमक्या जागेचा नसतो.
- रिपोर्ट 'नॉर्मल' आला, पण गाठ वाढतेय किंवा त्रास थांबत नाही, तर परत डॉक्टरांकडे जा.
- दुसरं मत घ्यायचं असेल तर संकोच करू नका. तुमच्या तुकड्याच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅब जपून ठेवते. ते मागता येतात. मागितले म्हणून चांगला पॅथॉलॉजिस्ट रागावत नाही.
- सुई लावली किंवा बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो, या भीतीने तपासणी लांबवू नका. बहुतेक गाठींच्या बाबतीत ही भीती निराधार आहे. ज्या मोजक्या जागी सुई टाळायची असते, त्या डॉक्टरांना ठाऊक असतात.

काउंटरवर आलेल्या त्या गृहस्थांनाही मी यातलं बरंचसं सांगितलं होतं. ते ऐकून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी एक जुनी फाइल घेऊन आले. सहा वर्षांपूर्वी पत्नीच्या त्याच बाजूची एक गाठ काढली होती. फॉर्मवर त्याचा उल्लेखच नव्हता. ती फाइल वाचून मी स्लाइड पुन्हा लावली, जुन्या ऑपरेशनचा वण कुठे संपतो आणि नवं काय आहे हे मला नीट वेगळं करता आलं. सातव्या दिवशी रिपोर्ट दिला. काय निघालं ते त्यांचं खासगी आहे, इथे सांगत नाही. पण त्या फाइलीशिवाय मी तो इतक्या खात्रीने लिहू शकले नसते.

तुमच्या घरात कोणाचा रिपोर्ट यायचा असेल, तर वाट बघण्याचे हे दिवस किती जड जातात ते मला माहीत आहे. लॅबला फोन करून विचारा, "आणखी काही माहिती हवी आहे का?" त्या प्रश्नाचा राग येत नाही, उलट कामाला मदतच होते. आणि कपाटातली जुनी फाइल आजच शोधून ठेवा.